वीस बाय दहाचा फुटलेला तारा

चहा सांगितलाय ना? मग ऐका. पण एक अट आहे, मध्ये हसायचं नाही. हसायचंच असेल तर शेवटी एकदाच काय ते हसून घ्या, कारण मधेच हसलात तर पुढची फजिती सांगायची माझी हिंमत होणार नाही. आमच्या भागात हा किस्सा मी सोडून सगळ्यांनी सांगून झालाय. परवा तर बीडच्या स्टँडवर एका अनोळखी माणसानं मलाच सांगितला, आणि वर म्हणाला, "त्यो मास्तर अजून नोकरीला हाय म्हणं!" म्हटलं, आता आपणच सांगितलेला बरा. निदान जेवढा झाला तेवढाच सांगता येईल.

तर मी विज्ञानाचा शिक्षक. बीड जिल्ह्यात कडा म्हणून बाजारगाव आहे, त्या कड्यापासून आठ किलोमीटरवर आमचं गाव, तिथल्या हायस्कुलात सव्वीस वर्षं झाली. शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि सूत्रसंचालन हा माझा जीव. बारसं असो, निरोप समारंभ असो, नाहीतर नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, माइक माझ्या हातात पाहिजे म्हणजे पाहिजे. एकदा जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या म्हशीचा परिचय मी असा करून दिला होता, की मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हैस कंटाळून निघून गेली, ती गोष्ट वेगळी.

आमच्या शाळेची एक पोरगी, सारिका. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, ही मागं आत्याकडं राहून शिकली. दहावीपर्यंत विज्ञान मीच शिकवलं. मग बीडला गेली, तिथून संभाजीनगरला, तिथून पुण्याला, आणि आम्ही इकडं "कुठंपर्यंत पोचली?" असं विचारेपर्यंत बाई डॉक्टरेट करून बसली! विषय काय? तर अवकाशातली एक्स-रे वेधशाळा. म्हणजे पृथ्वीपासून लांब, वर सोडलेली एक दुर्बीण. ती ताऱ्यांचा उजेड बघत नाही, ताऱ्यांकडून येणारे एक्स-रे झेलते. तिनं झेललेलं सगळं खाली येतं, आणि सारिका त्यातून शोधते की कुठला तारा कधी फुटला, कसा फुटला आणि त्याच्या राखेत काय काय उरलं. आता बोला!

गावानं सत्कार करायचं ठरवलं. पण त्याच्या आधी एक घोळ होता.

सारिकाला परदेशातून बोलावणं आलं होतं. ह्याच दुर्बिणीवर काम करणाऱ्या माणसांबरोबर दोन वर्षं काम करायचं. आणि नेमकं त्याच आठवड्यात दिंद्रुडचं स्थळ आलं! मुलगा चांगला, घर चांगलं, आडतीचं दुकान. त्यांना सोमवारपर्यंत काय ते हो-नाही पाहिजे होतं, आणि लग्नानंतर परदेश-बिरदेश चालणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. सारिकाचे वडील देवमाणूस, पण घरात शेवटचा शब्द तिच्या मामाचा. गोविंदमामा. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर नेणारा मुकादम, धिप्पाड, मिशीला पीळ. त्याच्यापुढं माणसं आधी रामराम घालतात आणि मग विचार करतात की आपण कशाला आलो होतो.

मी गेलो. सारिकाची बाजू मांडायला तिच्या शाळेतलं दुसरं कोण जाणार? मामा ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"सर, तुमी शिकवलं ना हिला?" मामानं विचारलं.

"म्हणजे काय! दहावीपर्यंत विज्ञान मीच."

"मंग मला सांगा, ही वर काय बघती?"

"एक्स-रे बघते, मामा."

"एक्स-रे तर कड्याला निघतोय. त्ये यंत्र वर कावून नेलं? वर कोणाचं हाड मोडलंय?"

आता प्रश्न चुकीचा आहे का? बिलकुल नाही. मी म्हणालो, "मामा, दवाखान्यात यंत्र किरण सोडतं आणि आपण आडवे पडतो. वर उलटं आहे. तिथं किरण तारेच सोडतात, यंत्रानं नुसते झेलायचे. आणि आपल्या हवेचं पांघरूण इतकं जाड आहे, की ते किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून यंत्र त्या पांघरुणाच्या वर न्यावं लागतं."

मामानं सुपारी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. मग म्हणाला, "कानावरून गेलं, डोक्यात शिरलं न्हाई. असं करा. रविवारी सत्कार हाय ना? तिथं गावासमोर नीट समजावून सांगा. मला पटलं, तर दिंद्रुडला न्हाई म्हणून कळवतो. न्हाई पटलं, तर सोमवारी सुपारी फोडायची. मंग तुमी न्हाई आन् मी न्हाई."

बाहेर पडलो तर सारिका दाराशी उभी. डोळे तांबडे. म्हणाली, "सर, माझं सगळं तुमच्यावर हाय. मामापुढं माझं तोंडच उघडत न्हाई हो."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "तू बिनघोर राहा. सव्वीस वर्षं दगडांना पाझर फोडतोय मी." हे शब्द आठवले की मला अजून स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "सर, हा माझा फुटलेला तारा. सध्या काळापांढरा आहे, रंग नंतर देतात." मी फोटो पाहिला. काळ्यावर पांढरट ढग. छान होता.

आता पुढचा भाग जरा नाजूक आहे, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच्या आदल्या रात्री मी शेंगोळी खाल्ली होती. हुलग्याची. तीन ताटल्या. सकाळपासून पोटात असं काही सुरू झालं, की वर्गात प्रश्न विचारायला मी उभा राहीना. कड्याच्या डॉक्टरनं पोटाचा एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे काढणारा दिलीप, तोही माझाच विद्यार्थी. तालुक्यात कुठंही आडवं पडायची वेळ आली तरी समोर आपला विद्यार्थीच असतो, हे आमच्या धंद्यातलं मोठं दुःख आहे.

"सर, फिल्म आता कोण देतंय?" दिलीप म्हणाला. "व्हॉट्सअॅपवर टाकतो."

टाकला. म्हणजे एकाच दिवशी, एकाच फोनमध्ये, सारिकाचा तारा आणि माझं पोट खेटून येऊन बसले. आलं ना ध्यानात? मला मात्र तेव्हा आलं नाही.

शनिवारी दुपारी मी न्हाव्याच्या खुर्चीत. तोंडाला फेस, चष्मा फळीवर काढून ठेवलेला. इतक्यात फ्लेक्सवाल्या बबलूचा फोन. बबलूचं कड्यात दुकान आहे, आणि तालुक्यातला कुठलाही वाढदिवस त्याच्या मशीनमधून निघाल्याशिवाय वाढत नाही.

"सर, फोटो टाका ना लवकर! साहेबांचे चार फोटो आले, शुभेच्छुकांचे अठरा आले, तुमचा तारा तेवढा राहिलाय. मशीन सुरू हाय माझी."

मी फोन नाकाजवळ धरला. काळ्यावर पांढरट ढग दिसले. दिला पाठवून.

दोन मिनिटांत परत फोन. "सर, हे तर काळंपांढरं हाय बे... म्हंजी, सॉरी सर. पण असं लावलं तर लोकांना वाटंल कोणी वारलं. वीस बाय दहाची श्रद्धांजली दिसंल. कलर मारू का?"

बघा हं, इथं दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. पण मी पडलो विज्ञानाचा माणूस! मी म्हणालो, "मार की. शास्त्रज्ञसुद्धा रंग नंतरच देतात."

"कोणता मारू?"

"तापलेला गॅस आहे तो. भगवा मार, मधे लाल. कडेला जांभळा."

"आन् मधी हे उभं माळेवाणी कायतरी दिसायलंय, त्येचं काय करू?"

"असेल काहीतरी आकाशगंगेचं. बरं दिसत नसेल तर झाक."

"झाकतोच. तिथं साहेबांचा उभा फोटो बरोबर बसतोय. आन् खाली दोन्हीकडं पसरट हाय, तिथं शुभेच्छुकांची लाइन बसवतो."

"बसव," मी म्हणालो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की आमच्या तालुक्याचे साहेब हात जोडून माझ्या पाठीच्या कण्यावर उभे होते, आणि अठरा शुभेच्छुक माझ्या कमरेच्या हाडावर ओळीनं बसले होते. एवढी माणसं मी आजवर कधी अंगावर घेतली नव्हती.

रविवार उजाडला. कार्यक्रम दहाचा, म्हणजे साहेब साडेबाराला आले. जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली. सारिकाला फेटा बांधला, तो तिच्या भुवयांपर्यंत उतरला होता, आणि हार घातले ते नाकापर्यंत वर आले होते. मधल्या फटीतून बिचारी वाट काढत स्टेजवर आली आणि खुर्चीत बसली, फ्लेक्सकडं पाठ करून. आपल्याकडं स्टेजवरच्या माणसांना फ्लेक्स कधी दिसतच नाही. तो त्यांच्यासाठी नसतोच मुळी.

मी मात्र पाहिला. चष्मा लावून पाहिला. अहाहा! भगवे लोट, लाल भोवरे, जांभळी किनार! एवढ्या जवळून पूर्ण मावत नव्हता डोळ्यांत. ऊर भरून आला माझा. वर अक्षरं होती, "गावची कन्या, ताऱ्यांची शोधकर्ती", आणि सारिकाचा स्वतःचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

समोर गाव भरगच्च. एका बाजूला बायका, त्यात आमची मंदा, म्हणजे माझी सौभाग्यवती. पहिल्या रांगेत मधोमध गोविंदमामा, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर माझ्यावर.

मी माइक घेतला आणि हातात एक लांब वेळूची काठी.

"बंधू-भगिनींनो! आज तुम्ही जे बघताय, ते डोळ्यांना कधीच दिसत नाही! हे फक्त एक्स-रेलाच दिसतं!"

म्हणजे शब्द न् शब्द खरा होता हो. तिथंच तर घात झाला.

"हा जो भगवा लोट आहे, तो आहे गॅस! साधासुधा नव्हे! कोट्यवधी अंश तापलेला! आत प्रचंड खळबळ चाललेली, कुठं निघावं ते कळेना, दाब वाढतोय, वाढतोय, आणि एक दिवस..." मी काठी उंचावली. "धडाड!"

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या दचकल्या. साहेबांनी मान डोलावली. मामा चक्क खुर्चीत पुढं सरकला.

"आन् आता निवला का त्यो?" मामानं तिथूनच विचारलं.

"नाही मामा! अजून फिरतोय! हजारो वर्षं झाली, अजून शांत झालेला नाही!"

"आयला!" मामा म्हणाला. त्या "आयला"त मला सारिकाचं विमान दिसलं. मी असा काही चेकाळलो, की विचारू नका.

माझा आवाज चढलेला पाहून सारिकानं खुर्चीतून मागं वळून फ्लेक्सकडं पाहिलं. फेटा वर केला. परत पाहिलं. तोंडावर हात नेला. मला वाटलं, पोरगी भारावली. म्हणालोसुद्धा माइकवर, "पाहा, आपली कन्या भावुक झाली आहे!"

मग तिनं एका कागदावर भराभरा काहीतरी लिहून माझ्या हातात चिठ्ठी सरकवली. आता तुम्ही आमच्याकडच्या कार्यक्रमांना आलेला आहात. सूत्रसंचालकाच्या हातात चिठ्ठी आली म्हणजे काय असतं? "अमुक अमुक यांचा नामोल्लेख राहिला." दुसरं काही असतं का? त्या दिवशी तोवर अशा अकरा चिठ्ठ्या आल्या होत्या. मी बारावी न बघता खिशात घातली आणि म्हणालो, "सर्वांची नावं घेतली जातील, कोणी नाराज होऊ नये."

"सर..." ती पुटपुटली.

"बस बाळ, बस. आज तुझा दिवस आहे."

आणि काठी फिरवत मी मुख्य मुद्द्यावर आलो. डाव्या बाजूला एक पांढरा, ठळक ठिपका होता. बबलूनं त्याला सोनेरी कडा दिली होती. "हा ठिपका नीट बघा! इथं आहे कॅल्शियम! सारिकानं फुटलेल्या ताऱ्याच्या राखेत हेच शोधलं! मामा, तुमच्या हाडात, दातात जे कॅल्शियम आहे, ते असल्याच ताऱ्यांच्या पोटात शिजलेलं आहे!"

"म्हंजी आमची हाडं वरून आली?"

"हाडं नाही, हाडातला माल वरून आला."

मामानं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं. शेजारच्याला म्हणाला, "लई गहिरं काम हाय बे हे." झालं! जिंकलो होतो! इथं थांबायला पाहिजे होतं. शपथेवर सांगतो, इथं थांबलो असतो तर आज मी आदर्श शिक्षक असतो.

पण माइक हातात असताना मी आजवर कधी थांबलोय?

"आणि शेवटी, एक रहस्य!" माझी काठी उजवीकडं खाली गेली. तिथं साहेबांच्या कोपराजवळ काहीतरी लखलखत होतं. "हा बघा, स्फोटात फेकला गेलेला तुकडा. एका टोकाला गोल, त्यात भोक, दुसरं टोक दातेरी! असा आकार आजवर कुठल्याही ताऱ्यात सापडलेला नाही. हे काय असेल? कोण सांगेल? जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ..."

"अहो!" बायकांमधून आवाज आला. मंदा उभी राहिली होती. "अहो, ती आपल्या कपाटाची किल्ली हाय!"



आता किल्लीची भानगड सांगतो. मी कपाटाची किल्ली करदोड्याला बांधतो, कमरेला. दिलीप एक्स-रेच्या वेळी म्हणाला होता, "सर, करदोडा काढा." मी त्याला झापलं होतं. जित्या माणसाचा करदोडा काढतात का कधी? मी म्हटलं, तुला एवढंही कळत नाही, काय शिकवलं तुला मी? त्यानं तसंच बटण दाबलं. झालं होतं ते एवढंच.

मी फ्लेक्सकडं वळलो. दोन पावलं मागं गेलो. आणखी दोन गेलो. आणि मग, देवा रे, मला तो सगळा एकदम दिसला. तारा कसला! मीच होतो तो! वीस बाय दहा!

"सर, तरी मी म्हणलतो करदोडा काढा म्हणून!" मागून दिलीप ओरडला. त्याला वाटलं आपण सरांच्या मदतीला धावतोय. "पण कॅल्शियमचं तुमी बरोबर सांगितलं सर! त्यो मूतखडाच हाय!"

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं मान वर केली. "मंग त्यो गॅस रं, बाबा?"

"त्यो बी सरांचाच, आजी!"

साहेबांनी खुर्ची फ्लेक्सपासून चांगली हातभर पुढं सरकवून घेतली. आणि मग जे हसणं सुटलं! माणसं मांडवाच्या खांबांना धरून हसली. जेसीबीचा ड्रायव्हर उतरून आला, त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागलं. मी खिशातली बारावी चिठ्ठी काढली. लिहिलं होतं, "सर, हा माझा तारा नाही. कुणाचं तरी पोट आहे. प्लीज थांबा."

हसत नव्हती ती दोनच माणसं. एक गोविंदमामा. तो उठून उभा राहिला होता, आणि त्याचा चेहरा मला वाचता येत नव्हता. दुसरी सारिका.  माझी इज्जत गेली त्याचं काय एवढं, ती पुढच्या आठवड्यात परत येते. पण पोरीनं माझ्यावर भरवसा टाकला होता, आणि मी तिची दोन वर्षं शेंगोळीत घालवली होती. मला रडू यायला लागलं. खरंच सांगतो, आलं.

तेवढ्यात सारिका उठली. गळ्यातले हार काढून खुर्चीवर ठेवले, फेटा काढला, आणि स्टेजवरचा दुसरा माइक घेतला.

"मामा," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण निघाला. "सरांचा फोटो चुकला. मूळ गोष्ट चुकली न्हाई. खरा तारा माझ्या फोनमधी हाय, घ्या बघा." तिनं फोन खाली दिला, तो हातोहात मामापर्यंत गेला. "त्यो आतल्या गॅसनं फुगून न्हाई फुटला, त्ये सरांचं सरांपाशी. ताऱ्याचं आतलं जळण सपलं, त्यो स्वतःच्याच वजनानं आत ढासळला, आन् मंग बाहेरचं सगळं उधळलं गेलं. उधळताना एका अंगाला जास्त गेलं, एका अंगाला कमी. कावून, त्ये मी शोधते."

"आन् त्ये किरण पकडता कसे?" मामानं विचारलं. "आरशात?"

"सरळ आरसा धरला तर आत घुसत्यात, मामा. तुमी तळ्यावर चपटा दगड तिरका मारता ना, टप्पे घेत जातो त्यो? तसं. आरसा जवळजवळ आडवा धरायचा, म्हंजी किरण नुसता घासून पुढं जातो. मंग नेमका जिथं पाहिजे तिथं आणता येतो."

मामा फोनकडं बघत राहिला. मांडवात हसणं थांबलं होतं. कधी थांबलं कळलं नाही.

"आन् हे तुला कोणी शिकवलं?" मामा म्हणाला.

"पुढचं लई जणांनी शिकवलं. पण सुरुवात सरांनीच केली," सारिका म्हणाली. गुणाची पोर! तशा वेळीसुद्धा तिनं माझं नाव घेतलं. माझे डोळे परत भरून आले.

मामानं माझ्याकडं पाहिलं. मग फ्लेक्सकडं पाहिलं. परत माझ्याकडं पाहिलं.  मग गावाकडं तोंड केलं.

"मंडळी, म्या तीस साल माणसं घिऊन उसाच्या फडात जातो. कोयत्याला धार असली की ऊस कोणी बी तोडतं. पण एखादीच्या हातात बोथट कोयता दिला, आन् तरी तिनं सगळ्यांच्या आधी आख्खा फड मोकळा केला, तर तसल्या बाईला घरी बसवत नसत्यात. तिला पुढच्या फडात न्यायचं असतं." मग त्यानं बोट उचललं आणि ते नीट, कोणाचाही गैरसमज होणार नाही असं माझ्यावर रोखलं. "हिला धाव्वीपतोर ह्यो कोयता मिळालता. तरी बी पोरगी ताऱ्यापतोर गेली! आता चांगल्या माणसांत गेली तर काय करंल? दिंद्रुडला न्हाई म्हणून कळवा. पोरगी जाणार!"

 सारिका रडत होती, तिचे वडील रडत होते, मंदा पदर तोंडाला लावून हसत होती. आणि माझ्या हातात माइक होता. सव्वीस वर्षांची खोड, तोंड आपोआप उघडलं.

"गोविंदमामांच्या या अनमोल मार्गदर्शनाबद्दल," मी म्हणालो, "एकदा जोरदार टाळ्या!"

आणि सगळ्यात आधी मीच वाजवल्या.